खारेपाटातलं घर आणि सात-बाऱ्यावरचं नाव

‘अलिबागसे आया है क्या?’ हा डायलॉग तुम्ही ऐकला असेलच, कदाचित कुणावर मारलाही असेल. काही कळत नसलेला, सहज फसणारा भोळा माणूस म्हणजे अलिबागचा, असा त्याचा अर्थ. अलिबागच्या एका रहिवाशाला हे इतकं लागलं की डायलॉगवर बंदी घाला म्हणून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. विनोद विनोदासारखा घ्या, असं म्हणून न्यायालयाने ती फेटाळली. ठीकच झालं. पण याच तालुक्यातल्या लोकांनी १९३३ साली खोताला सांगितलं होतं की तुझी जमीन आम्ही कसणार नाही, आणि ते शब्द त्यांनी जवळपास सहा वर्षं पाळले. सहज फसणाऱ्या माणसांचं हे काम नव्हे.

चरीच्या शेतकरी संपाबद्दल शाळेच्या पुस्तकात मला एक ओळही वाचल्याचं आठवत नाही. मला तो भेटला एका घरात. कॉलेजमधल्या माझ्या दोन मित्रमैत्रिणींनी लग्न केलं आणि लॉकडाऊनमध्ये मुंबईतलं भाड्याचं घर सोडून ती त्याच्या गावच्या घरी राहायला गेली. ‘पोपटीला ये’ हे आमंत्रण तीन वर्षं पेंडिंग होतं. या जानेवारीत गेले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण जमिनीचा विषय अजून घरात मिटलेला नाही.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली की तासाभरात मांडवा. तिथून अलिबागकडे जाताना हल्ली शेतांपेक्षा कंपाऊंडच्या भिंती जास्त दिसतात, आणि भिंतींवर बोर्ड : एनए प्लॉट, सी-टच, क्लिअर टायटल. पण समुद्राकडे पाठ करून पूर्वेला धरमतर खाडीकडे वळलात की मुलूख बदलतो. याला खारेपाट म्हणतात. इथे बीच नाही, सनसेट पॉइंट नाही. सपाट जमीन, कापलेल्या भाताची खुंटं, मध्येच पाण्याची चकाकती तळी आणि क्षितिजावर तिवरांची हिरवी रेघ.

मित्राच्या घरासमोर असंच एक तळं आहे. त्यात जिताडा वाढतो. खाडीत सापडलेली पिल्लं आणून तळ्यात सोडायची आणि वर्ष-दोन वर्षं वाट बघायची, ही इथली जुनी पद्धत. जिताडा घरी खाण्यासाठी जितका असतो तितकाच तो देण्यासाठी असतो. जावयाला, व्याह्यांना, आणि पूर्वी साहेबालाही. रायगडात ‘जिताडा पोहोचवला’ या शब्दांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माझ्या ताटात तो पहिल्याच दुपारी आला, तांदळाच्या भाकरीबरोबर. वाढताना आजी म्हणाली, ‘खा गो, हा आपला हाय.’ मला वाटलं, आग्रह करतेय. ‘आपला’ या शब्दावर तिचा एवढा जोर का होता, ते संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी काका, म्हणजे मित्राच्या वडिलांचे धाकटे भाऊ, आम्हाला शेतावर घेऊन गेले. शेतावर म्हणजे आधी बांधावर. खारेपाटात शेताची ओळख बांधापासूनच करून घ्यावी लागते, कारण बांध नसेल तर शेतही नाही. ही जमीन भरतीच्या पाण्याखालची. कुणीतरी कधीतरी खाडीतला चिखल खणून त्याची भिंत घातली, भरती बाहेर अडवली, मग कित्येक पावसाळे वरच्या गोड्या पाण्याने आतलं मीठ धुऊन काढलं, तेव्हा कुठे तिथे भात उगवलं. खाडीकडचा मोठा बांध तो बाहेरकाठा. त्यात मध्येमध्ये उघाड्या असतात. उघाडी म्हणजे पाण्याची झडप. ओहोटीला आतलं पाणी तिला बाहेर ढकलतं आणि वाहून जातं; भरती आली की बाहेरचं पाणीच तिला दाबून बंद करतं. मोटर नाही, माणूस नाही, चंद्रावर चालणारं यंत्र. मला ते इतकं आवडलं की मी दहा मिनिटं तिथेच उभी राहिले. काकांना त्यात कौतुक वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्यांचं लक्ष उघाडीच्या बाजूने झिरपणाऱ्या पाण्याकडे होतं.

खेकड्याने पाडलेलं एक भोक दोन भरत्यांत खांड होतं, असं ते म्हणाले. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. खांड पडली की एका माणसाला ती बुजवता येत नाही. मध्ये ओहोटीचे जे थोडे तास मिळतात, तेवढ्यात अख्ख्या गावाने चिखल, पेंढा, फांद्या घेऊन उतरायचं. मिळून बांध राखण्याच्या या पद्धतीला इथे जोळ म्हणतात. ज्याचं शेत त्या बांधाआड आहे त्याने यायचंच, आजारी असेल तर बदली माणूस द्यायचा. एकदा खारं पाणी आत शिरलं की त्या वर्षाचं पीक गेलंच, शिवाय जमीन पुन्हा गोडी होईपर्यंत पुढचे काही पावसाळेही गेले. इथलं भातही वेगळं. खाऱ्या जमिनीत पूर्वी नांगर घालत नसत. मोड आणलेलं बी चिखलात फेकायचं. तांदूळ लालसर, जाड. आता मीठ सोसणारी नवी वाणं पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातून आली आहेत, ती काकाही लावतात. पण आजीच्या हिश्शाची एक लहान खाचर जुन्या तांबड्या भातासाठी राखलेली असते.

कोकण म्हटलं की निसर्गरम्य हा शब्द आपल्या बोटांवर तयारच असतो. या सपाटीत मला निसर्गाने एकट्याने केलेलं काही दिसलं नाही. आंग्र्यांच्या काळात, म्हणजे इंग्रजांनी १८४० साली कुलाबा संस्थान खालसा करण्याच्या आधीपासून, खाडी बांधून जमीन काढणाऱ्यांना सवलती मिळत. अशा जमिनी काढून देणारे शिलोत्रीदार कागदोपत्री नोंदले गेले, त्यांना हक्क मिळाले. चिखल ज्यांनी उचलला ते नोंदले गेले नाहीत. खारेपाटाचा पुढचा दीडशे वर्षांचा झगडा इथून सुरू होतो असं मला वाटतं.

आता खोत. खोत म्हणजे मुळात सरकार आणि रयत यांच्या मधला वसुलीदार. गावाचा सारा तो सरकारात भरणार आणि रयतेकडून वसूल करणार. इंग्रजांनी या मधल्या माणसाला हटवलं नाही. १८८० च्या खोती कायद्याने उलट त्याचं स्थान पक्कं केलं. आजी सांगते की त्यांच्याकडे मोठा जमीनदार असो की सावकार, सगळ्यांना ‘खोत’च म्हणायचे, आणि बहुतेक वेळा तो एकच माणूस असायचा. कूळ दरवर्षी कबुलायत लिहून द्यायचं. लिहून म्हणजे अंगठा. जमीन तुमची, तुमच्या मर्जीने कसतो, ठरलेलं भात खळ्यावरून पोहोचवतो. पीक बुडालं तर थकबाकी, थकबाकीवर व्याज, आणि व्याजापोटी पुढच्या वर्षीचं भात.

कुळाचं आयुष्य कसं होतं हे समजून घ्यायचा एक मार्ग मला इथे सापडला : नंतर झालेला कायदा उलटा वाचायचा. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट आणि शेतजमीन अधिनियम, ज्याला सगळे कुळकायदा म्हणतात, तो पीडीएफमध्ये सहज मिळतो. कलम १६ : कुळाला त्याच्या राहत्या घरातून काढता येणार नाही. कलम १७ : घराखालची जागा विकायची असेल तर आधी कुळाला विचारायचं. कलम ११ : ठरलेल्या खंडाव्यतिरिक्त कोणतीही पट्टी, हक्क किंवा सेवा जमीनमालकाने कुळाकडून घ्यायची नाही. कलम १९ : कुळाने लावलेल्या झाडाचं फळ आणि लाकूड कुळाचं. एकेका कलमामागे काय चालत असेल याचा विचार करा. स्वतः बांधलेल्या घरातून हाकलून देता येत होतं. स्वतः लावलेल्या झाडाला हात लावायची चोरी होती. फुकट राबवून घेता येत होतं. आजीने तिच्या सासूकडून ऐकलंय की तळ्यातला जिताडा मोठा झाला की आधी खोताच्या वाड्यावर जायचा. दुपारच्या त्या ‘आपला’ शब्दाची गोष्ट ही.

नारायण नागू पाटील हे या भागातलं आगरी समाजातून आलेलं नेतृत्व. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी कुलाबा जिल्ह्यात शेतकरी संघाचं काम सुरू केलं. महाडच्या सत्याग्रहात बाबासाहेबांबरोबर असलेले अनंत चित्रेही त्यात होते. कबुलायतीत काय लिहिलंय ते वाचून दाखवणं, बेकायदा वसुलीला नाही म्हणायला शिकवणं, असं गावोगाव फिरून चाललेलं हे काम. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावच्या सभेत संप ठरला. आसपासची पंचवीसेक गावं त्यात उतरली.

गिरणीचा संप आपल्याला कळतो. मशीन बंद, मालकाचं नुकसान. शेताचा संप त्याहून अवघड, कारण कुळाचं स्वतःचं पोटही त्याच शेतावर. जमीन पडीक ठेवायची म्हणजे आपणही उपाशी राहायचं. लोकांनी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीत मासे धरले, मजुरीला बाहेर गेले. बायकांच्या वाट्याला त्यातलं नेमकं किती आलं हे छापील इतिहासात फारसं नाही, पण मोळी डोक्यावर कोणी वाहिली असेल हे सांगायला पुरावा लागू नये. खारेपाटात या संपाला आणखी एक धार होती, जी मला काकांबरोबर बांधावर उभी असताना जाणवली. इथे फक्त पेरणी थांबत नाही. बांध राखणारे हात थांबले की समुद्र आत येतो. खोताने दुसरीकडून मजूर आणले तरी खाडीची ओळख असलेली जोळ तो विकत आणू शकत नव्हता. आणि कुळांनाही पक्कं माहीत होतं की उद्या जमीन मिळालीच, तर ती आधी मिठातून सोडवावी लागणार आहे. तरीही ते मागे हटले नाहीत.

१९३४ च्या डिसेंबरात चरीला शेतकरी परिषद झाली, तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. ही भेट तोंडदेखली नव्हती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं, आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले. कोकणातले कुणबी, आगरी, महार त्या मोर्चात एकत्र चालले. १९३७ मध्येच नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ सुरू केलं. ते अलिबागहून अजूनही निघतं, आणि मित्राच्या घरी रोज येतं. सरकार तेव्हा बाळासाहेब खेरांचं, महसूलमंत्री मोरारजी देसाई. विधेयक पास झालं नाही. पण १९३९ चा कुळकायदा झाला, आणि १ जानेवारी १९३८ च्या आधी सलग सहा वर्षं जमीन कसलेल्याला ‘संरक्षित कूळ’ हे नाव मिळालं. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. ज्या १९४८ च्या कायद्याची कलमं मी वर सांगितली, त्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. जमीन फुकट मिळाली नाही. सरकारी आकाराच्या वीसपट ते दोनशेपट यांच्यामध्ये किंमत ठरायची आणि कूळ ती हप्त्याने भरायचं. सगळी भरली की ‘३२ म’चं प्रमाणपत्र.

मित्राच्या घरी ते एका पत्र्याच्या पेटीत आहे. पेटीत आणखी काय काय होतं : हप्त्यांच्या पावत्या, लग्नपत्रिका, बंद पडलेलं घड्याळ, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले फेरफार. प्रमाणपत्रावर त्याच्या आजोबांचं नाव. कागद घडीवर फाटलाय. मित्र म्हणाला, फोटो काढून ड्राइव्हवर ठेवलाय. आजीला ते पटलेलं नाही. तिच्या मते फोटोला तलाठी विचारत नाही.

आजीचं स्वतःचं नाव सात-बाऱ्यावर आलं ते आजोबा गेल्यावर, वारस म्हणून. साठ वर्षं चिखलात उभं राहून लावणी केली, पण कायद्याच्या भाषेत कसणारे ते. हा कायदा मोठा होता असं मी मानते. महाराष्ट्रातल्या लाखो घरांचं नशीब त्याने बदललं. पण ‘कसणारा’ म्हणजे कोण, हे ठरवताना त्याने बरेच लोक बाहेर ठेवले. खोताशी करार कुळाचा होता, कुळाच्या शेतात मजुरीला येणाऱ्या कातकऱ्यांचा कुणाशीच नव्हता. त्यांना काही मिळालं नाही. काही ठिकाणी कागदावर कुळाचं नाव चढलंच नाही, काही ठिकाणी मालकाने स्वतः कसतो म्हणून जमीन परत घेतली. जमीनमालक विधवा किंवा अज्ञान असेल तर कुळाचा मालक होण्याचा दिवसच पुढे ढकलला जायचा. विधवेला आधार हवा हे खरं, पण त्यातून निघालेल्या केसेस पिढ्यानपिढ्या चालल्या. मित्राच्या घरापासून शे-दीडशे पावलांवर कातकरवाडी आहे. पोपटीसाठी वालाच्या शेंगा खुडायला तिथल्या दोन मावशी आल्या होत्या. त्यांच्या घरांखालची जागा कुणाच्या नावावर आहे, असं मी विचारलं तर घरात एकदम शांतता झाली.

पोपटी मस्त झाली. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. पाणी घालत नाहीत. अर्ध्या तासाने जो वास सुटतो त्याचं वर्णन करत बसत नाही, जानेवारीत कुणाकडे तरी जा. दुसऱ्या दिवशी मित्राच्या मामांकडे पांढरा कांदा पाहिला. तो गोड्या जमिनीत, भात काढल्यावर होतो. २०२२ मध्ये त्याला जीआय मिळाल्यापासून वेण्यांचा भाव बरा आहे आणि रस्त्यावर दुसराच कांदा ‘अलिबागचा’ म्हणून विकणारेही वाढले आहेत. खाऱ्या जमिनीत मात्र भाताशिवाय फार काही होत नाही.

म्हणूनच ती विकावी असं मित्राच्या चुलतभावाला वाटतं. काकांनी दाखवलेल्या बांधापलीकडे काही एकर अशी जमीन आहे जी सात-बाऱ्यावर भातशेती आहे आणि डोळ्यांना जंगल. स्वातंत्र्यानंतर खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदे झाले, १९४८ चा आणि मग १९७९ चा. मोठे बांध सरकारी योजनेत गेले आणि जोळ हळूहळू सुटत गेली. बांध सरकारचा झाला तर आपण का उतरायचं, हे माणसाच्या स्वभावाला धरून आहे. घरटी एक माणूस नोकरीला लागलेला, ओहोटीच्या वेळी मोकळा कोण असणार? खांडी पडल्या, त्या वेळेत बुजल्या नाहीत, खारं पाणी आलं, त्याच्यामागून तिवरं आली. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर तिवरं तोडता येत नाहीत. तोडू नयेतच, कोळंबी, मासे आणि किनारा त्यांच्यावर जगतो. पण ज्या जमिनीसाठी पणजोबांनी सहा वर्षं नांगर टेकवला नाही, ती पणतवाच्या हयातीत कुणाशीही न भांडता खाडीकडे परत गेली, हे बघताना मला काय म्हणावं ते सुचलं नाही. काका म्हणाले, ‘खोताकडून घेता आली. दर्यासमोर कबुलायत चालत नाय.’

उरलेल्या जमिनीला गिऱ्हाईक आहे. पूर्वी कुळकायद्याने मिळालेली जमीन विकायला कलम ४३ खाली परवानगी लागायची. सात-बाऱ्यावर ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा अजून अनेकांच्या असतो. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, जमीन खरेदी होऊन दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या चाळीसपट नजराणा भरून ती विकता येते. जुना आकार रुपयांत आणि पैशांत असतो, त्यामुळे हा नजराणा एका वीकेंडच्या हॉटेलबिलापेक्षाही कमी भरू शकतो. एजंटने हे सगळं चुलतभावाला व्हॉट्सअॅपवर समजावून सांगितलंय. चुलतभाऊ लोभी नाही. त्याची मुलगी बारावीत आहे, फी त्याला भरायची आहे, आणि भाताचा हिशेब त्याने मला कॅल्क्युलेटरवर करून दाखवला. तो मला खोडता आला नाही. मित्राला जमीन ठेवायची आहे, पण त्याचा पगार मुंबईच्या कंपनीतून येतो. ठेवायची म्हणणं त्याला परवडतं, हे त्याची बायको त्याला तोंडावर सांगते.

एजंटने मागितलेल्या कागदांत एक कागद कमी आहे. आजोबांच्या मुलीने, म्हणजे मित्राच्या आत्याने, हक्कसोडपत्रावर सही केलेली नाही. इथे बहिणींनी सही करून टाकायची रीत आहे. भाऊबीजेला साडी येते, माहेर तुटत नाही. आत्या पेणला असते. पोपटीला आली होती. चुलतभावाने शेंगा सोलता सोलता विषय काढला, तेव्हा ती म्हणाली की लहान असताना ती याच बांधावर चिखलाची घमेली वाहायची, तेव्हा कुणी ‘तू सोड’ म्हणालं नव्हतं. मग तिने मला विचारलं, मुंबईत परत कधी निघणार, आणि वाटेसाठी भाकरी बांधून दिली. सही अजून झालेली नाही.